संदर्भ जोडणाऱ्याचे दायित्व

लेखनातील संदर्भ तुटला असता तो पुन्हा जोडणे हे केवळ विद्वत्तेचे काम की आचाराचेही, असा प्रश्न आहे. सर्वसाधारण समजूत अशी की हे कारकुनी काम होय. आकडा चुकला होता, तो दुरुस्त केला. पान सापडत नव्हते, ते शोधून दिले. एवढ्यावर ते संपते. परंतु ज्या परंपरेत एका वचनाच्या अर्थावर साधकाचा नित्याचा आचार अवलंबून असतो, तिला हा प्रश्न इतक्या सहजपणे सोडून देता येत नाही. शिवाय महानुभाव पंथाला तो नवीनही नाही. सातशे वर्षांपूर्वी तो पंथासमोर उभा राहिला होता आणि तो सोडविण्याची एक रीतही त्या काळी घडली होती. आज पोथीच्या जागी संगणकावरचा मसुदा आला आहे, म्हणून त्या रीतीचा विचार पुन्हा करणे अगत्याचे झाले आहे.

प्रथम मूळ प्रसंग ध्यानात घ्यावा. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे बीजे केल्यानंतर म्हाइंभटांनी श्रीनागदेवाचार्यांच्या सान्निध्यात, ऋद्धिपूर येथे, लीळा एकत्र केल्या. ज्याने जे पाहिले अथवा ऐकले त्याच्याकडे जाऊन ते विचारून घ्यावे, असा त्यांचा क्रम होता. पुढे केशिराजबासांनी त्या लीळांतून श्रीमुखीची वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. वचने विषयवार लागली, पाठांतरास सोपी झाली, शास्त्रनिर्णयास हाताशी आली. हा उपकार मोठा आहे. पण त्याच कृतीने प्रत्येक वचन आपल्या प्रसंगापासून सुटे झाले. कोणी विचारले, कोणास निरूपिले, कोणत्या गावी, कशावरून, हे सर्व लीळेत राहिले आणि वचन तेवढे सूत्रपाठात आले.

याची जाणीव केशिराजबासांस नव्हती असे म्हणता येत नाही. दृष्टांतपाठात त्यांनी ११४ दृष्टांतांना सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी तिहेरी जोडणी दिली. त्यांपैकी सूत्र व दृष्टांत हे श्रीमुखीचे आणि दार्ष्टांतिक हे जोडणाऱ्याचे. ही सीमा त्यांनी रचनेतच आखून ठेवली; आपले वाक्य स्वामींच्या वाक्यात मिसळू दिले नाही. जोडणाऱ्याने आपला हात कोठपर्यंत पोहोचला आहे ते दिसू द्यावे, या गोष्टीचा मराठीत याहून जुना नमुना सहसा मिळणार नाही.

सूत्रपाठाच्या बाबतीत हे काम पुढच्या मंडळींनी केले. 'प्रकरणवश' या नावाने जो ग्रंथ पंथात चालत आला, त्याचे प्रयोजन एवढेच की सूत्र घ्यावे आणि ते कोणत्या प्रसंगी, कोणास उद्देशून आले ते दाखवावे. प्रसंग सुटल्यावर काय होते ते पाहिले म्हणजे या ग्रंथाची गरज कळते. एखाद्याच्या अंगी वैराग्याचा अतिरेक दिसला म्हणून त्यास आवरण्यासाठी एक वचन निघते, आणि दुसऱ्याच्या अंगी शैथिल्य दिसले म्हणून त्यास उठविण्यासाठी दुसरे निघते. प्रसंग गळून पडला की ही दोन्ही वचने शेजारी शेजारी उभी राहतात आणि एकमेकांस खोडून काढतात असे वाटू लागते. मग आळशी मनुष्य पहिले धरतो, हट्टी मनुष्य दुसरे धरतो, आणि दोघेही शास्त्राचा आधार सांगतात. महादाइसांनी विचारले म्हणून जे निरूपण झाले, ते विचारणारीचे नाव काढून वाचणे म्हणजे उत्तर ठेवून प्रश्न टाकून देणे होय. संदर्भ तुटला म्हणजे केवळ पान हरवते असे नव्हे. वचनाचा अधिकारीच हरवतो.

दुसरा प्रसंग याहून कठीण आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली, असे परंपरा सांगते. ज्यांस ते मुखोद्गत होते त्यांच्या स्मरणातून ते पुन्हा उभे करावे लागले. हिराइसा, परशरामबास, रामेश्वरबास यांच्या नावांनी पाठ ओळखले जाऊ लागले ते यामुळेच. या ठिकाणी थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. जो कागद आधार होता तो गेला. आता एका स्मरणात असे, दुसऱ्या स्मरणात तसे. सोपा मार्ग असा होता की चारचौघांनी बसून एक गोळीबंद पाठ ठरवावा आणि बाकीचे विसरून जावे. तो मार्ग धरला गेला नाही. जेथे स्मरण भिन्न होते तेथे ती भिन्नता 'वासना' म्हणून नोंदली गेली, आणि जेथे चौकशी करून काही अधिक कळले तेथे ते 'शोध' म्हणून टिपले गेले. लीळाचरित्राच्या पोथ्यांतून या खुणा आजही दिसतात. आधाराचा कागद गेल्यावर आधाराच्या माणसाचे नाव घालण्यात आले, हे यातले मर्म होय.

आता आजच्या मसुद्याकडे यावे. संगणकावर लेख दुरुस्त करताना 'ट्रॅक चेंजेस' नावाची सोय वापरतात. खोडलेले शब्द खोडलेल्या रूपात, घातलेले शब्द वेगळ्या रंगात, कोणी व कधी केले त्या नोंदीसह राहतात. मूळ लेखकाने नंतर एकेक बदल स्वीकारावा अथवा नाकारावा अशी अपेक्षा असते. वासना जपणाऱ्या परंपरेला ही सोय परकी वाटण्याचे कारण नाही. मात्र ती संदर्भांशी नीट नांदत नाही, आणि का नांदत नाही हे समजून घेतल्यावाचून दुरुस्ती करता येत नाही.

मसुद्यात दिसणारा संदर्भाचा आकडा हा बहुधा नुसता आकडा नसतो. झोटेरो, एंडनोट यांसारख्या संदर्भ सांभाळणाऱ्या साधनांनी तो घातला असल्यास त्याच्या पाठीशी एक अदृश्य नोंद असते, तिला फील्ड म्हणतात. आकडा हे तिचे केवळ बाह्यरूप. कोणी वरचा आकडा हाताने बदलला तर आतली नोंद जुनीच राहते. पुढे साधन ताजे केले की एक तर हातचा बदल पुसला जातो, नाही तर तो राखल्यास त्या संदर्भाचे पुढचे आपोआप होणारे बदल थांबतात. बदलांची नोंद चालू असताना एखादा संदर्भ खोडला, तर तो स्वीकार होईपर्यंत मसुद्यात असतोच. म्हणून शेवटच्या ग्रंथसूचीत खोडलेला ग्रंथ हजर राहतो आणि क्रमांक पुढेमागे होतात. प्रकरणांच्या वा तक्त्यांच्या परस्परसंदर्भांची गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. ते ज्या शीर्षकाला बांधलेले असतात त्या शीर्षकावर एक गुप्त खूण असते. दुरुस्ती करणाऱ्याने शीर्षकातला शब्द न बदलता सगळे शीर्षक खोडून नवे लिहिले, तर खोडलेल्या मजकुराबरोबर ती खूणही मरणपंथाला लागते. तरी त्या दिवशी काही दिसत नाही. बदल स्वीकारल्यावर, आणि नंतर केव्हा तरी संदर्भ ताजे केल्यावर, दूरच्या एखाद्या पानावर ठळक अक्षरांत वाक्य उमटते की संदर्भाचा उगम सापडला नाही.

शिरपूरचा एखादा वासनिक अभ्यासक सूत्रपाठाच्या आचारप्रकरणावर प्रबंध लिहीत आहे असे धरावे. अरुणावतीकाठच्या या गावी आज अभियांत्रिकीची आणि औषधनिर्माणाची महाविद्यालये आहेत. संगणक तेथे नवलाचा नाही. त्याचे विद्यापीठ जळगावचे. १९९० साली स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाला २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. ज्यांस लिहिता येत नव्हते आणि ज्यांची गाणी दुसऱ्यांनी टिपून ठेवली म्हणून राहिली, त्यांचे नाव संदर्भाची काळजी घेणाऱ्या संस्थेला असणे यथायोग्यच म्हणावे. असो. मसुदा मार्गदर्शकांकडे जातो, तेथून एका मठातील शास्त्री वाचतात, मधल्या काळात टंकलेखन करणारा जुन्या टंकातला काही मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून पुन्हा चिकटवितो. या शेवटच्या कृतीत फील्ड नाहीशी होऊन आकडा नुसता आकडा उरतो, आणि हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. मार्गदर्शक एक शीर्षक नव्याने लिहितात. शास्त्री एका ठिकाणी पृष्ठांक हाताने बदलतात. दाखल करण्याच्या आदल्या रात्री अभ्यासक 'सर्व स्वीकारा' ही कळ दाबतो. सकाळी अकरा संदर्भ तुटलेले आढळतात.

यांत दोष कोणाचा? शीर्षक बदलणाऱ्याचा हेतू शुद्ध होता. पृष्ठांक बदलणाऱ्याने कदाचित योग्यच आकडा घातला असेल. कर्ता एक, स्वीकारणारा दुसरा, आणि फळ दिसते तिसऱ्या वेळी, चौथ्या पानावर. अशा ठिकाणी सर्वांचा थोडा थोडा दोष असे म्हणून मोकळे होण्याची प्रथा आहे. ती येथे ग्राह्य धरू नये. स्वीकार या शब्दातच पाहिल्याची कबुली आहे. ज्याने न पाहता स्वीकारले त्याच्याकडे मुख्य दायित्व जाते, दुसऱ्यांचे प्रमाद त्यानंतरचे. म्हणून संदर्भांना स्पर्श करणारे बदल तरी एकेक पाहूनच स्वीकारावेत. सर्व खुणांसह असलेली प्रत आधी वेगळी राखावी. संदर्भ ताजे करतेवेळी बदलांची नोंद बंद ठेवावी, म्हणजे यंत्राचे बदल माणसाच्या बदलांत मिसळत नाहीत. तुटलेला संदर्भ हाताने रंगवून न काढता पूर्ण काढून मूळ संग्रहातून पुन्हा घालावा. एवढे केले असता अकरांपैकी आठ संदर्भ जुन्या प्रतीवरून नीट लागतात.

उरलेल्या तिहींचा प्रश्न खरा. जुन्या प्रतीत तेथे लीळेचा केवळ क्रमांक आहे. कोणत्या आवृत्तीतला, ते नाही. लीळाचरित्र ह. ना. नेने यांनी १९३६ पासून भागाभागांनी छापले, शं. गो. तुळपुळे यांची आवृत्ती १९६४ ते १९६७ या काळात निघाली, आणि वि. भि. कोलते यांची १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. तिन्हींत लीळांचे क्रमांक सारखे चालत नाहीत. एकीतला क्रमांक दुसरीत पाहिला तर शेजारची लीळा हाती येते, आणि ती शेजारची असल्यामुळे पुष्कळदा तेच गाव, तीच मंडळी असतात. चूक आहे असा संशयही येत नाही.

हा अनुभव लीळाचरित्रापुरता नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली आरंभिलेले महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९६६ साली पूर्ण झाले. त्या आवृत्तीत श्रीमद्भगवद्गीता भीष्मपर्वाच्या २३ ते ४० या अध्यायांत येते. प्रचलित नीलकंठी पाठात ती २५ ते ४२ या अध्यायांत आहे. भीष्मपर्व, अध्याय २५ एवढेच लिहिले तर एकाच्या हाती गीतेचा पहिला अध्याय लागेल, दुसऱ्याच्या हाती तिसरा. एक जण अर्जुनाचा विषाद वाचील, दुसरा कर्मयोग. त्याच आवृत्तीची आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. संपादकांनी मूळ संहितेत न घेतलेल्या ओळी फेकून दिल्या नाहीत. तारांकित करून पानाखाली ठेवल्या, मोठे भाग परिशिष्टात दिले. नाकारलेलेही नाकारलेल्या रूपात वाचकासमोर राहिले. युरोपात प्लेटोच्या ग्रंथांचे संदर्भ आजही १५७८ सालच्या आवृत्तीच्या पृष्ठांकांनी देतात, मग हातातली आवृत्ती कोणतीही असो. तेथे आवृत्त्या बदलत गेल्या, संदर्भाची खूण स्थिर राहिली.

तर त्या तीन संदर्भांचे काय करावे? अंदाज करता येतो. वय, भाषा, विषय पाहता अभ्यासकाने बहुधा कोलत्यांची आवृत्ती वापरली असणार. तो क्रमांक घालावा आणि प्रबंध पाठवावा. परीक्षक तीन आकडे तपासीत बसणार नाहीत. आणि समजा, अंदाज बरोबर निघाला, तर असत्य कोठे झाले?

या शंकेचे उत्तर संदर्भाच्या स्वरूपातच आहे. संदर्भ दोन गोष्टी सांगतो. अमुक गोष्ट अमुक ठिकाणी आहे, ही एक. आणि लिहिणाऱ्याने तेथे जाऊन ती पाहिली, ही दुसरी. वाचक पहिलीसाठी संदर्भ वाचतो, पण विसंबतो दुसरीवर. अंदाजाने घातलेला आकडा बरोबर निघाला तर पहिली गोष्ट खरी ठरते. दुसरी तरीही खोटीच राहते. आंधळ्याने फेकलेला दगड फळाला लागला म्हणून त्याला नेम होता असे होत नाही. उलट अचूक अंदाज अधिक घातक म्हणावा, कारण तो सवय लावतो. म्हाइंभटांनी ज्या घटना सहज अनुमानाने लिहिता आल्या असत्या त्यांसाठीही पाहणाऱ्याकडे जाणे सोडले नाही, याचा अर्थ या दुसऱ्या गोष्टीच्या संदर्भातच लागतो.

स्थानांच्या बाबतीत ही गोष्ट डोळ्यांनी दिसते. स्थानपोथीत स्थानाची जागा दिशांनी सांगितली आहे, आणि त्या जागी बांधलेला ओटा हा दगडी संदर्भच होय. जीर्णोद्धाराच्या वेळी सोयीसाठी ओटा हातभर सरकविला, तरी नमस्कार करणाऱ्याच्या भावात उणेपणा येत नाही हे खरे. पण स्थानपोथी हाती घेऊन दिशा मोजणाऱ्यास ती आता जुळत नाही, आणि तो पोथीवर संशय घेतो. कनाशीस येणाऱ्या खानदेशातील यात्रेकरूस हे समजावून सांगावे लागणार नाही.

दुसऱ्या बाजूने एक आक्षेप येतो, आणि तो भिक्षुकांकडून येतो म्हणून त्याचा आदर केला पाहिजे. पाठभेद, वासना, खुणा, मोकळ्या जागा हे सर्व समोर ठेवले तर सामान्य वासनिकाच्या मनात विकल्प उत्पन्न होतो. त्यास स्वच्छ पाठ द्यावा, असे त्यांचे म्हणणे. पारायणापुरते ते मान्य करावे. नित्य वाचनाच्या पोथीत प्रत्येक ओळीखाली चार पाठ दिले तर वाचन होणार नाही, वाद होईल. परंतु निर्णयाच्या वेळी, अमुक आचार सर्वांस लागू की एकास, असा प्रश्न उभा राहतो त्या वेळी, स्वच्छ प्रत उपयोगाची नाही; खुणांची प्रतच काढावी लागते. यास्तव दोन्ही असाव्यात. एकच पथ्य पाळावे की खुणांच्या प्रतीवरून स्वच्छ प्रत केव्हाही तयार करता येते, स्वच्छ प्रतीवरून खुणांची प्रत कधीही करता येत नाही. संगणकावर 'सर्व स्वीकारा' म्हटल्यावर पहिली प्रत राखून ठेवली नसेल तर हे नुकसान एका क्षणात होते, आणि ते झाल्याचे पानावर काहीच चिन्ह राहत नाही. विकल्पाचे भय खरे असले तरी ज्यास नंतर कधी तरी कळेल की मोकळी जागा अंदाजाने भरली होती, त्याचा विकल्प मोठा असेल.

या दृष्टीने यंत्राने दाखविलेले ते ओबडधोबड वाक्य, उगम सापडला नाही, हे निंद्य नव्हे. ते कुरूप आहे, परीक्षकासमोर ठेवण्याजोगे नाही, पण खोटे बोलत नाही. त्याच्या जागी अंदाजाचा आकडा बसविला की पान सुंदर दिसते एवढेच.

शिरपूरच्या त्या अभ्यासकास तिन्ही आवृत्त्या मिळविणे अशक्य नाही; धुळे, जळगाव येथे अथवा एखाद्या मठात त्या पाहता येतात. वेळ असेल तर जावे, लीळा वाचावी, आणि क्रमांकाबरोबर लीळेचे नाव व आवृत्ती लिहावी, म्हणजे पुढच्या दुरुस्तीत आकडा हलला तरी नाव राहील. वेळ नसेल तर आकडा घालू नये. लीळेचे नाव लिहावे, आवृत्ती निश्चित केलेली नाही असे तळटिपेत स्पष्ट म्हणावे, आणि मठातील शास्त्र्यांच्या स्मरणावरून ते नाव घेतले असल्यास तसेही लिहावे. मार्गदर्शक कदाचित म्हणतील की प्रबंधात असे लिहिण्याची पद्धत नाही. त्यांस लीळाचरित्राच्या कोणत्याही जुन्या पोथीतील वासना दाखविता येतील.